खेमीबाईने नाव घेतलं

खेमीबाईच्या घरी दर सोमवारी कोकी भाजली जायची. कांदा-मिरची घातलेली ही जाड सिंधी पोळी नीट भाजली की बरेच दिवस टिकते. पण ताज्या कोक्या ताटात यायच्याच नाहीत. त्या दाराशेजारच्या खुंटीवरच्या गाठोड्यात बांधल्या जायच्या, आणि आधीच्या आठवड्याच्या, वाळून कडक झालेल्या, नवऱ्याच्या वाट्याला. पुन्हा अचानक घर सोडायची पाळी आली तर लेकरं उपाशी राहू नयेत, एवढीच तिची काळजी. सिंधमधलं शिकारपूर सोडलं तेव्हा चुलीवरचं अन्न चुलीवरच राहिलं होतं, आणि ते ती काही केल्या विसरत नव्हती.

फाळणीनंतर फार उशिरा निघालेलं हे कुटुंब गोंदियामार्गे भंडारा जिल्ह्यातल्या गोरेगावात येऊन टेकलं. नवरा, आसूमल, सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून बाजार करायचा. उशिरा आलेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागे. नवा कायदा झाल्यावर भंडाऱ्याहून शिक्क्याचा दाखला आला, तेव्हा आसूमलने आळीभर पेढे वाटले. खेमीबाईने पेढा खाल्ला आणि सोमवारी पुन्हा गाठोडं भरलं.

"जे कोणी देतं, ते परतही मागू शकतं," ती म्हणाली. आसूमलने तोंड वाकडं करून कडक कोकी चहात बुडवली.

मग सत्तावनची निवडणूक आली आणि या घाबरट बाईच्या अंगात वारंच संचारलं. मतदार यादीत तिचं नाव होतं! खरंच आहे का, म्हणून शेजारच्या नंदाबाईला विचारून विचारून तिने तिचं डोकं उठवलं. मतदानाच्या दिवशी आसूमल सकाळीच मत देऊन बाजाराला गेला. खेमीबाई न्हाऊन, ठेवणीतली ओढणी घेऊन, दाखला छातीशी धरून शाळेतल्या बायकांच्या रांगेत उभी राहिली. मागे नंदाबाई. आज मत पडलं तर आपण इथल्या, परत फिरवलं तर पुन्हा रस्त्यावर, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

टेबलापाशी पोचली आणि एका उमेदवाराचा गोंदियाहून आलेला माणूस, भैय्यालाल, ताडकन उठला. "साहब, ये तो पाकिस्तानवाली है। इसका कैसा वोट?"

खेमीबाईने दाखला पुढे केला.

"कागज होगा सच्चा। लेकिन ये वही औरत है, कैसे मान लें?"

मतदान अधिकाऱ्याने दाखला पाहिला, यादी पाहिली. "बाई, तुमच्या पतीचं नाव सांगा, म्हणजे झालं."

झालं कसलं! जन्मात तिने नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने बजावलेलं. ती लालबुंद होऊन जमिनीकडे बघत राहिली.

"देखा! पति का नाम तक नहीं मालूम!"

आता मात्र नंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काऊन गा, बाई नवऱ्याचं नाव असं फटकन घेते का? अन् बाहेरची म्हणून कायले हिणवून राहिला तिले? माझं माहेर बालाघाटकडचं. हे धुरपताबाई दुर्गकडची. या रांगेतली एक तरी बाई या गावात जल्मली का? साऱ्या बाहेरूनच आलो. आमाले धाडतं का वापस?"

रांगेत हशा पिकला. भैय्यालाल टोपी सावरू लागला.

"खेमी, उखाण्यात घे व!" नंदाबाई ओरडली. "माझ्या शामकलाच्या लग्नात शिकवला होता ना!"

खेमीबाईला शिकवलेला उखाणा तर पार उडून गेला होता. मग तिने ओढणी डोक्यावर ओढली, डोळे मिटले आणि तिथल्या तिथे जोडून खणखणीत म्हटला:

"सिंधूकाठी माहेर माझं, गोरेगाव सासर,
आसूमलचं नाव घेतो, चिठ्ठी द्या लवकर!"

शाळा दणाणून गेली. बायका टाळ्या पिटत होत्या, पुरुषांच्या रांगेतले लोक खिडकीशी गोळा झाले. शिपायालासुद्धा हसू आवरेना. अधिकाऱ्याने हसतच मतपत्रिका पुढे केली. "यादीत नाव आहे, दाखला आहे. बाई कुठे जन्मली, ते मतपेटी विचारत नाही." भैय्यालाल खाली बसला. बोटाला शाई लागली तशी खेमीबाईच्या अंगावर काटा आला. इतका आनंद तिला शिकारपूर सुटल्यापासून झाला नव्हता.

घरी येऊन तिने गाठोडं सोडलं, त्यातल्या सगळ्या कोक्या ओढणीत घेतल्या आणि शाळेपुढच्या कडुलिंबाखाली बायकांना वाटून टाकल्या. नंदाबाईने दोन जास्त लाटल्या.

पुढच्या सोमवारी आसूमल सवयीने चहा घेऊन बसला, तर ताटात तव्यावरची गरम कोकी पडली. त्याने दाराकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती, गाठोड्याचं कापड अंगणात वाळत होतं.

"गाठोडं?" त्याने घाबरून विचारलं.

"सासरी कोणी गाठोडं बांधून बसतं का?" म्हणत तिने दुसरी कोकी लाटायला घेतली.