तुलसीरामची अठरा गाणी

तुलसीरामला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण गणेश चतुर्थीची अठरा गाणी त्याला तोंडपाठ होती. लहानपणी चुलत्यानं त्याला युक्ती शिकवली होती. एकेक गाणं घरात एकेका जागी ठेवायचं आणि गाताना मनातल्या मनात त्या घरातून चालत जायचं. समुद्रापारच्या बेटावर, प्लेन दे पपाय गावातलं त्याचं घर लाकडाचं, वर पत्रा. पहिलं गाणं ओसरीच्या खांबापाशी, सातवं माजघरातल्या खाटेवर. मग स्वयंपाकघर, तिथून परसातल्या लिचीखाली, आणि शेवटचं थेट उसाच्या बांधावर. चाळीस वर्षं गावानं त्याच्यामागून एकेक ओळ उचलत ही गाणी म्हटली.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत वादळ आलं. चुलीवरचं भांडं उतरवायला म्हणून त्याची बायको कुंती स्वयंपाकघरात गेली, आणि छप्पर तिच्या अंगावर कोसळलं. ती तिथंच गेली. घर तर गेलंच.

सरकारी कचेरीत कारकून असलेल्या कामिनीनं, त्याच्या मुलीनं, त्याला तेर रूज गावी आपल्या सिमेंटच्या घरी आणलं. त्या वर्षी चतुर्थीला तो गायला बसला आणि सातव्या गाण्यानंतर गप्प झाला. पुढच्या वर्षीही तसंच. वय झालं, आता विसरतात, असं कामिनीनं धरलं. गाणी उतरवून घ्यायला ती वही घेऊन बसायची, आठवा ना म्हणून त्याच्या मागं लागायची. एकदा तर चिडून तिनं वही आपटलीही.

शेवटी तिला बापाच्या चुलत्याची युक्ती आठवली. एका रविवारी प्लेन दे पपायच्या देवळासमोरच्या अंगणात तिनं खडूनं ते घर आखलं, पावलं मोजून, होतं तेवढंच. बापाचा हात धरून तिनं त्याला ओसरीवर उभं केलं. तो गाऊ लागला. आवाज जुनाच, भरदार. देवळातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. सात गाणी झाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची रेघ आली आणि त्याचा पाय उचलेना.

"बा, नुसता खडू आहे," कामिनी म्हणाली.

"तुला खडू. तुझी आय आत उभी हाय. तिला ओलांडून म्होरं कसा जाऊ?"

म्हणजे तो काहीच विसरला नव्हता. तीन वर्षं आपण रोज याला त्या दारापर्यंत ढकलत नेलं, हे कामिनीला तेव्हा कळलं. तिनं त्याला बाहेरून वळसा घालून लिचीच्या जागी नेलं. लेकीसाठी त्यानं तोंड उघडलंही. पण मधलं सुटलं की पुढचं लागत नव्हतं. तो तिथंच खाली बसला आणि वादळानंतर पहिल्यांदा रडला. तीही शेजारी बसली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्र्याऐंशीत तुलसीराम गेला. देवळातल्या मराठीच्या वर्गात कामिनी आता मुलांना सात गाणी शिकवते. उरलेली अकरा कुणालाच येत नाहीत. चतुर्थीला गाणं लवकर आटपतं. म्हातारी माणसं उरलेल्या गाण्यांएवढा वेळ तशीच बसून राहतात, मग उठून शेवटची बस गाठतात.