अर्ध्या पत्राची परळ–गिरगाव वारी

परळहून गिरगावला जाण्यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखं काही नसतं. पण त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, ट्राम बंद होती आणि माझ्या खिशात अमेरिकेहून आलेलं अर्धं पत्र होतं.

अर्धं, याला कारण माझा इसाकमामा. तो अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्यासाठी मलिदा (एलियाहू नबीच्या नावाने करायचे गूळ-खोबऱ्याचे पोहे) आईने करायचा की गिरगावच्या हन्नामावशीने, यावरून दोघी बहिणींचं वाजलं. शेवटी दोघींनी केला. मामाने दोन्हीकडे पोटभर खाल्ला आणि बोटीवर आजारी पडला. बहिणी तेव्हापासून बोलत नाहीत. म्हणून मामा प्रत्येक पत्र मध्येच तोडून अर्धं आम्हाला आणि अर्धं मावशीला पाठवतो. ने-आण माझ्याकडे.

या खेपेचं आमचं अर्धं गमतीचं होतं. तिथले यहुदी सुरुवातीला मामाला यहुदी मानेनात. भात-मासळी खाणारा यहुदी त्यांनी पाहिला नव्हता. शनिवारी यहुद्याने विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून एका शनिवारी प्रार्थनेच्या खोलीतली शेगडी पेटवायला त्यांनी त्यालाच सांगितलं. मामा म्हणाला, "आज शब्बाथ. मी विस्तवाला हात लावत नाही." मंडळी थंडीत कुडकुडली, पण त्या दिवसापासून मामाला शेजारी बसवू लागली. शेवटची ओळ मात्र अशी होती: "छातीत दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, की"

आई रात्रभर झोपली नव्हती. "तू जा, दाविद. मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मलाही धास्ती वाटत होती.

लालबागला पोरांनी अडवलं.

"काय रे, हरताळात कुठे निघालास?"

"मावशीकडे. गिरगावात."

"नाव काय?"

"दाविद. आम्ही बेने इस्राएल."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "अरे, आमच्या अलिबागेकडचे शनवार तेली ते, शनवारी घाणा बंद ठेवणारे! आपलेच हायत. सोड त्याला." मामाला ज्यासाठी अमेरिकेची थंडी सोसावी लागली, ते माझं उभ्या उभ्या झालं.

भायखळ्याला चपलेचा अंगठा तुटला. चांभारही हरताळात होता. पुढचं सगळं पाय ओढत.

मावशीच्या दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हन्नाबाई सकाळीच परळला गेल्या हो, महालक्ष्मीवरून चालत. रडत होत्या." त्यांनी दिलेलं पाणी प्यायलो आणि चप्पल हातात घेऊन आल्या वाटेने परत फिरलो.

घरी दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मावशीच्या मुठीत पत्र होतं. आईने ते मागितलं नव्हतं.

"तू वाच," मावशी मला म्हणाली. "माझ्याच्याने होत नाही."

मी वाचलं. "बोटीचा प्रवास आता झेपायचा नाही. तेव्हा मी परत येणार नाही. मी गेलो की इथली मंडळी प्रार्थनेला उभी राहतील, काळजी करू नका. एवढंच करा, माझ्या नावाचा मलिदा यापुढे एकाच घरी करा."

जे आणायला इतका चाललो, ते माझ्याआधी घरी येऊन बसलं होतं.

आईने विचारलं, "कुणाच्या घरी?"

मी डोळे मिटून घेतले.

"तुझ्या," मावशी म्हणाली. "नारळ मी खवते."