मुनीबच्या बहिणीचा आजार

मुनीब बावीस वर्षं इस्रायलमधल्या हैफा शहरात एका औषधांच्या दुकानात नोकरीला आहे. त्याची ख्याती अशी की त्याला कसलंही मत नाही. दुकानात राजकारण निघालं की तो खोकल्याच्या बाटल्यांवरच्या तारखा तपासायला लागतो. आम्हा अरबांना हा गुण अंगी बाणवायला उभा जन्म लागतो.

मंगळवारी त्याची बहीण रुवैदा गेली. तीस वर्षांपूर्वी तिला गाझात दिलेली. घरावर बॉम्ब पडला तेव्हा झोपेत होती. गाझात अशाच गेलेल्या कुणासाठी दुकानात कामाला असलेल्या एका अरब मुलीनं महिन्याभरापूर्वी फोनवर ‘देव शांती देवो’ असं लिहिलं होतं. तिची चौकशी चालू आहे. म्हणजे ती पगाराविना घरी बसून आहे.

त्यामुळे मुनीबनं रजेच्या अर्जात ‘बहीण वारली’ इतकंच लिहिलं, गाव गाळलं. बायको इल्हाम म्हणाली, “भिंतीवर निधनाचा कागद लावायचा नाही. मशिदीतून नाव पुकारायचं नाही. गेलेली येणार नाही, नोकरी मात्र जाईल.”

मग भेटायला येणाऱ्यांसाठी नुसत्या खुर्च्या मांडल्या. आमच्या गल्लीत तेवढ्यानं कळतं. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. ऐंशीचे अबू शुक्री कानानं अधू, मोठ्यांदा म्हणाले, “बावन्न म्हणजे काय जायचं वय आहे? झालं तरी काय तिला?”

एकदम सहा जणांना ठसका लागला.

“कॉफी घ्या, काका,” मी म्हटलं.

“घेतोय की! कॉफीनं मेली का ती?”

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ज्यू मॅनेजर डोरीतबाई फळांची टोपली घेऊन आल्या. बाई मनानं चांगली. मुनीबचा हात हातात घेऊन हिब्रूत म्हणाल्या, “कधी बोलला नाहीस. आजारी होती का रे?”

सगळे आपापल्या कपात बघू लागले.

“हृदय,” मुनीब म्हणाला.

“झोपेत गेली?”

“झोपेत.”

“चला, त्रास तरी झाला नाही.”

मुनीबनं त्यांचे आभार मानले आणि गाडीपर्यंत सोडून आला.

त्याच्या आईला हिब्रू कळत नाही. आतल्या खोलीतून तिनं विचारलं, “सांगितलंस ना तिला, माझ्या पोरीला कसं मारलं ते?”

“सांगितलं, आई.”

“मग? काय म्हणाली?”

“वाईट वाटलं म्हणाली.”

“वाटणारच,” म्हातारी म्हणाली. “माणूसच आहे ती.”