कोराडीहून येणारी आई

सत्तरच्या दशकात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे व्यायाम घ्यायचे. त्यांचा कितपत उपयोग होतो, याचा अभ्यास डॉक्टर करत होते. आयांना विचारून लिहिणं माझ्याकडे होतं.

त्यातली एक आई अजून आठवते. कोराडीहून बसने यायची, लेकीला कडेवर घेऊन. पदराने तिच्या केसांतली तिथल्या वीजकेंद्राची राख झटकायची आणि हसून म्हणायची, "फरक हाय, बाई." मुलीचे पाय मात्र तसेच ताठ.

एकदा मी म्हटलं, "खरं सांगा हो."

तिचं हसू गेलं. "नाही म्हटलं तं बंद कराल का? तिकडं सारे इले लुळी म्हणते. इथं तुम्ही नावानं हाक मारता."

मी 'फरक नाही' असं लिहिलं आणि तिला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं.