वर्षभराची खंडेनवमी

ज्या मशीनला हात लावायला बंदी होती, ते मशीन चालवायला मी लोकांना दोन वर्षं शिकवलं. वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा. मला तेव्हाही आलं नव्हतं आणि आजही येत नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. चिंचवडच्या एका कॉलेजात विद्यापीठाची संध्याकाळची पदविका निघाली. धंद्यात कॉम्प्युटर कसा वापरायचा, कंपनीत रोज साठणाऱ्या आकड्यांतून काय वाचायचं, असा विषय. लग्नाआधी मुंबईत मी हेच काम केलं होतं, म्हणून मला घेतलं. वर्गात बहुतेक पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतले फिटर, टाइम ऑफिसचे आणि स्टोअरचे कारकून. फर्स्ट शिफ्ट सुटली की तोंडावर पाणी मारून सायकल हाणत यायचे. कितीही साबण लावला तरी मशीनवर सोडतात त्या तेलकट कूलंटचा वास काही जायचा नाही. मला तो वास आवडायचा. कामाचा वास होता तो.

देणगीच्या पैशांतून कॉलेजनं कॉम्प्युटर घेतला. नारळ फुटला, हार पडला, पेढे वाटले. त्याच्यासाठी खास वातानुकूलित खोली केली. त्या इमारतीत दुसरी नव्हती, प्राचार्यांच्या डोक्यावरही पंखाच फिरायचा. मग मशीनवर जाड प्लॅस्टिकचं कव्हर चढलं, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात गेली. वर्गाला एकदा आत नेलं, तेही चपला बाहेर काढून, रांगेनं. "लांबून बघा. हात लावायचा नाही. बिघडलं तर मुंबईहून माणूस बोलवावा लागतो," असं प्राचार्य प्रत्येकाला वेगळं बजावत होते. कोणी मोठा पाहुणा आला की कव्हर निघायचं, पडदा उजळायचा, पाहुणे मान डोलवायचे, कव्हर परत चढायचं.

भोसरीच्या जुन्या घरातला एक टर्नर होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा करत्यात. त्या दिवशी बंद. पर दसरा झाला की चालूच करत्यात की! हितं काय वरीसभर खंडेनवमीच हाय व्हय?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण तो शब्दशः खरं बोलत होता.

मग मी पुठ्ठे आणले. कॅलेंडरांचे, बुटांच्या खोक्यांचे, मिळतील ते. प्रत्येकानं पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, अक्षरं लिहिली आणि त्यावर बोटं मारायला सुरुवात केली. मशीनचं काम माझ्याकडे. ते पुठ्ठ्यावर एकेक ओळ "टाइप" करायचे आणि मी फळ्यावर उत्तर लिहायचे. चूक असली तर खडूनं मोठ्या अक्षरांत "चूक, ओळ पुन्हा लिहा". एम.एस्सी. करून मी शेवटी मशीन झाले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

या वर्गात एक स्टोअरचा कारकून होता. लातूरकडचा, थेरगावात एका खोलीत बायको-पोरीला घेऊन राहायचा. कष्टाळू, पण पटकन घाबरणारा. त्याच्या कंपनीत कॉम्प्युटर आला होता आणि त्या नव्या खात्यात कारकुनांपैकी एकाला घेणार होते. मशीनवर बसवून परीक्षा होणार होती. ती जागा मिळाली तर त्याची नाइट शिफ्ट कायमची सुटणार होती. बायकोला दम्याचा त्रास, रात्री तिच्याजवळ कोणी नसायचं. त्याला ती जागा हवी होती ती एवढ्यासाठीच. साहेब होण्याची हौस त्याला नव्हती.

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, "सर, याला एक तास मशीनवर बसू द्या. मी शेजारी बसते."

"मॅडम, हात बघितलेत का त्यांचे? काळेकुट्ट. धूळ जाईल, तेल जाईल."

"साबण लावून बसवते."

"तसं नाही हो. आज एकाला दिलं की उद्या सगळे मागतील."

"मागू देत की! फी भरलीय त्यांनी!"

माझा आवाज चढला. बाहेरचा शिपाई आत डोकावला. प्राचार्य शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "मशीन काय पळून जातंय का? पुढच्या वर्षी बघू." मशीन पळून जात नव्हतं, त्या माणसाची परीक्षा चार दिवसांवर आली होती. हे मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज तरी परत आला असता.

परीक्षेच्या दिवशी तो कंपनीतून तडक कॉलेजात आला. चेहरा उतरलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मॅडम, मी बटन दाबलो आणि सगळा पडदा भरला की हो."

हळूहळू सगळं कळलं. पुठ्ठ्यावर अक्षर किती वेळ दाबलं याला काही अर्थ नसतो. त्याला जोरानं, नीट, बोट रोवून दाबायची सवय लागली होती. खऱ्या मशीनवर त्यानं पहिलं अक्षर तसंच दाबून धरलं आणि तेच अक्षर ओळीमागून ओळी धावत सुटलं. तो दचकला, दोन्ही हात वर घेतले आणि खुर्ची सोडून उठला. साहेब हसले. पुन्हा बसा म्हणाले. हा बसेना. "नको साहेब, बिघडंल," म्हणाला. आमच्या कॉलेजनं त्याला मशीनबद्दल एवढंच पक्कं शिकवलं होतं. जागा दुसऱ्या कारकुनाला गेली. त्यानं पुण्यात खाजगी क्लास लावला होता, तिथं मशीनवर बसायला मिळत असे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला तसाच प्राचार्यांसमोर उभा केला आणि म्हटलं, "आता सांग, सरांना सगळं सांग." त्यानं सांगितलं. माझी अपेक्षा होती की आता तरी प्राचार्य ओशाळतील, निदान मान तरी खाली घालतील.

प्राचार्य माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "बघा मॅडम. आणि याला तुम्ही आपल्या मशीनवर बसवणार होतात!"

मी तोंड उघडलं, एवढ्यात तो कारकून हात जोडून म्हणाला, "बरोबर हाय, सर. वाचलं आपलं मशीन."

आणि घड्याळाकडे बघून तो घाईनं निघाला. आठवडाभर त्याची नाइट होती.