मळणीच्या चहाबरोबरची गोळी

डॉक्टर वसुधाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पिंगळीतल्या त्यांच्या दवाखान्यात, शिंकत शिंकत. शाळेत नवी बदली झाली होती. गाजरगवत फुललं की माझं नाक वाहायला लागे. माझ्याआधी एक गृहस्थ हटून बसले होते.

"बाई, सुईच टोचा."

"गरज नाही. रात्री ही एक गोळी, तिनं झोप येते. दुकानातलं सर्दीचं औषध वर घेऊ नका, त्यातही बहुतेक हेच असतं. आणि दारू बंद."

"डॉक्टर हाय का मास्तरीण!" गृहस्थ बाहेर पडताना पुटपुटले. मी मास्तरीणच असल्यामुळे तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. औषध कमी देतात म्हणून बाईंना नावं ठेवणारेच आज त्यांच्या वाढदिवसाच्या सत्काराच्या मांडवात पुढे आहेत. असो, या गौरव अंकाच्या संपादकांनी गोड लिहायला सांगितलं आहे.

गोळी देण्याआधी बाई खूप विचारत. गाडी चालवता का, लघवी अडते का, काचबिंदू आहे का, दिवस गेलेत का, आणखी कोणती औषधं चालू आहेत? मोठ्यांची गोळी मोडून तान्ह्याला देणाऱ्या एका आईवर त्या कडाडल्या आणि मग तिलाच चहा पाजला. दम लागला किंवा ओठ-जीभ सुजली, तर गोळी खात बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा, हे त्या प्रत्येकाला बजावत.

सोयाबीनच्या मळणीत धुरळा नाकात जातो. म्हणून हडंब्याचे, म्हणजे मळणीयंत्राचे, मालक मारोतराव सकाळच्या चहाबरोबर सगळ्यांना शिंकांची गोळी वाटत. एकदा बाई आणि मी त्या रस्त्यानं चाललो होतो. यंत्राच्या तोंडात सोयाबीनचं काड सारणाऱ्या सरुबाई पेंगत होत्या. हात पार आतपर्यंत जात होता.

"मशीन बंद करा!" बाई ओरडल्या.

"आभाळ आलंय डॉक्टरबाई. माल भिजंल!"

"भिजला तर वाळवू. हात तुटला तर काय करू?"

"मला झोप न्हाई बाई," सरुबाई म्हणाल्या, "नुसते डोळे जड व्हायलेत."

"तीच झोप. गोळी कोणी घेतली नाही?"

सगळे मालकांकडे बघू लागले. लांब बाजेवर बसणाऱ्याला कसला धुरळा? बाईंनी यंत्राजवळच पोत्यावर बैठक मारली.

"मग मारोतराव, या. तोंडाला फडकं बांधा आणि तुम्हीच काड घाला."

"लय अवघड बाई हाय," म्हणत मारोतराव उठले. पाऊस आला तेव्हा माल झाकून झाला होता. चहाबरोबर गोळी वाटणं त्या दिवसापासून बंद झालं. आता फडकी वाटतात.

सत्कार समितीनं हार घालायला एक पुढारी ठरवले आहेत. मी ते चालू देणार नाही. हार सरुबाई घालतील, आपल्या दोन्ही धड हातांनी. वसुधाबाई, शंभरीचा हारही त्याच हातांनी घालून घ्यायला ठणठणीत राहा. आणि आम्हाला असंच रागवत राहा.