बांधलेलं बिल

चिंच झोडताना दादा झाडावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं. पुण्याच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, पाठीला जखम होऊ देऊ नका. ज्याला कमरेखालचं काही कळत नाही त्याची कातडी सडायला लागते आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी हवेची गादी घ्यावी लागली. तिला जेवणाच्या डब्याएवढा एक पंप होता. तो विजेवर चालायचा. गादीच्या अर्ध्या नळ्यांत हवा भरायचा, अर्ध्यांतली सोडायचा, मग उलटं करायचा. त्याची घुरघुर घरात सतत चालू असायची. नवं माणूस आलं की विचारायचं, "फ्रीज घेतला का काय?"

दोन हजार साल उलटल्यावरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. आमचं घर पिंपरी पेंढारला. घरात आई, दादा आणि वहिनी. मी मंचरला एका मारवाडी शेठच्या कापड दुकानात कामाला होते आणि तिथंच खोली घेऊन राहात होते. सुट्टीच्या दिवशी एसटीने घरी यायचं, येताना वहिनीला शिवायला दुकानातले ब्लाउजपीस आणायचे आणि जाताना शिवलेले घेऊन जायचे. जमीन दुसऱ्याला वाट्याने कसायला दिलेली होती, त्यामुळे दादा पडल्यावर घर चाललं ते वहिनीच्या शिवणावर. मशीन पायाचं होतं, पण इस्त्री विजेची. वहिनी म्हणायची, ब्लाउज शिवणीनं अर्धाच बसतो, उरलेला इस्त्रीनं.

मीटर ओसरीत होता, पण तो वाचायला कोणी येत नव्हतं. बिल अंदाजाने यायचं. एखाद्या वेळी ठीक असायचं, एखाद्या वेळी आकडा दुप्पट-तिप्पट असायचा. तक्रार केली तर "पुढच्या बिलात वळतं होईल" एवढंच ऐकायला मिळायचं. असं बिल आलं की आई घरातले दिवे विझवत फिरायची. फिरत फिरत ती दादाच्या खाटेपाशी यायची, पंपाच्या बटणापुढे थोडी थांबायची आणि मागे वळायची. दादा भिंतीकडे बघायचा. 

अशात विजेच्या ऑफिसातून दोन माणसं गावात आली. मारुतीच्या देवळापुढे लोकांना जमवून त्यांनी नवी सोय समजावून दिली. महिन्याचं बिल बांधून मिळणार. दर महिन्याला तेवढंच, त्यापुढे एक पैसा नाही. त्याच्या बदल्यात खांबावर एक डबा बसणार. घराने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली की डबा पडणार, म्हणजे त्यातला खटका उडून सगळ्या घराची लाईट जाणार आणि थोड्या वेळाने आपोआप येणार. एकदा घेतलं की वर्षभर बदलता येणार नाही.

वहिनीने विचारलं, "इस्त्री चालंल का?"

"इस्त्री, शेगडी, हिटर नाय चालायचं, ताई. दिवे, पंखा, टीव्ही बिनधास्त लावा."

"आन् हवेच्या गादीचा पंप?"

असा पंप त्या माणसाने पाहिलेला नव्हता. तो म्हणाला, "बारका असंल तर चालंल."

मी घरी गेले तेव्हा हाच विषय चालू होता. आईला बांधलेलं बिल हवं होतं. पोस्टमन दिसला की ती आत निघून जायची, ते तरी थांबेल असं ती म्हणत होती.  इस्त्री वहिनीची, नवराही तिचाच, त्यामुळे तिला काहीही बोलायची चोरी झाली होती. शेवटी मी दादाला विचारलं.

"मला इचारू नका," तो म्हणाला. "मी काय बी बोललो तरी ते माझ्यासाठीच बोलल्यावानी व्हतं. तुमी ठरवा."

चौकशी करावी म्हणून मी आणि वहिनी विजेच्या ऑफिसात गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या.

"डबा पडल्यावर थोड्या वेळाने लाईट येते म्हणता, म्हणजे किती वेळाने?" मी विचारलं.

"ते डब्यावर असतं."

"लोडशेडिंग असेल तेव्हाचं बिल कमी होईल का?"

"बांधलेलं म्हणजे बांधलेलं, ताई."

"मग आम्ही मीटरच ठेवला, तर रीडिंग घ्यायला माणूस येईल का?"

त्यांनी मागच्या रिकाम्या टेबलांकडे हात केला. "माणसंच कुठं आहेत? तुम्हाला काय परवडतं ते तुम्हीच बघा."

बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसली. म्हणाली, "ह्यांना बी म्हाईत नाय आन् आपल्याला बी नाय. मग ठरवायचं कुणी?"

मी दुकानात शेठना विचारलं. त्यांची तिसरी पिढी मंचरात, बोलणं आमच्यासारखंच. ते म्हणाले, "ठरलेलं देणं केव्हाही बरं. माणसाला झोप लागते." मग कापडाची घडी घालता घालता म्हणाले, "पण बिनइस्त्रीचा ब्लाउज गिऱ्हाईक घेत नाय, हे बी लक्षात ठेव." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही मिळून माझ्या काही कामाच्या नव्हत्या.

पुढचं बिल पुन्हा भरमसाट आलं. त्याच आठवड्यात नव्या सोयीची मुदत संपणार होती. वहिनीने कुणाला न सांगता जुन्नरच्या बाजारातून कोळशाची इस्त्री आणली, ओसरीत ठेवली आणि म्हणाली, "माझं काम अंगणात गेलं तरी चालतंय. ह्यांचा पंप बिलापायी बंद करून नाय चालायचं." नव्या सोयीच्या कागदावर सही तिनेच केली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. बिल आलं की आई आकडा वाचून घ्यायची आणि ते देवाच्या फोटोमागे सरकवून द्यायची. वहिनी शेवग्याखाली पाट मांडून इस्त्री करायची. निखाऱ्याची ठिणगी पडून एकदा एका गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या ब्लाउजला भोक पडलं. शेठनी तो ठेवून घेतला, पण पुढच्या खेपेला कापड कमी दिलं.

उन्हाळा लागला. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवा लालसर व्हायचा, पंखा रेंगाळायचा, गादीचा पंप कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि डबा पडायचा. आम्ही जास्त काहीच लावलेलं नसायचं. वायरमनला बोलावलं. त्याने खांबाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "व्होल्टेज पडलं की हे असं करतंय. का करतंय ते मला नाय सांगता यायचं, वहिनी."

त्यात लोडशेडिंग वाढलं. अर्धा अर्धा दिवस लाईट नसायची. ज्यांनी मीटर ठेवले होते ते म्हणायचे, लाईट नाही तर निदान बिल तरी कमी येतंय. आमचं बिल मात्र तेवढंच यायचं. पंप बंद पडला की गादी बसायची. मग आई आणि वहिनी दोघी मिळून दादाला कुशीवर वळवायच्या. आईला दम लागायचा. दादा म्हणायचा, "बटाट्याचं पोतं समज आन् ढकल." आई हसायची नाही.

एका सुट्टीला गेले तर वहिनीने मला आत नेलं. दादाचं धोतर बाजूला करून माकडहाडाजवळ बोट ठेवलं. रुपयाएवढा लाल डाग होता.

"दाबलं तरी पांढरं होत नाय. डॉक्टरांनी सांगितलेलं ते हेच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऑफिसात गेले, मीटर परत द्या म्हणून. साहेबांनी ऐकून घेतलं. "वर्ष झालेलं नाही," ते म्हणाले. मी दादाच्या पाठीचं सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "माझ्या हातात असतं तर आजच दिलं असतं." ते खरंच बोलत होते असं मला वाटलं. त्यामुळे भांडताही आलं नाही.

जखम फुटली. दवाखाना झाला, रोजची मलमपट्टी झाली, आणि फार हळू ती भरली. वर्ष पुरं व्हायच्या आत ऑफिसने ती सोयच गुंडाळली. वायरमन येऊन डबा काढून घेऊन गेला आणि मीटर पुन्हा फिरायला लागला. आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्ही काय सांगणार होतो?

पुढच्या थंडीत दादाला ताप आला. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला, आणि दादा त्यातून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, पाठीच्या जखमेशी याचा संबंध नाही. मी तसं विचारलेलं नव्हतं.

वर्षभराने वहिनी आणि मी ओसरीत बसलो होतो. ती एका ब्लाउजला हूक लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आपण मीटरच ठेवला असता तर?"

"तेव्हा बी लाईट जातच व्हती," मी म्हणाले.

"जातच व्हती," ती म्हणाली. तिने दोरा दातांनी तोडला आणि पुढचा हूक शोधायला डबीत बोटं घातली. थोड्या वेळाने आतून आईने चहाला हाक मारली, पण आम्ही दोघी लगेच उठलो नाही.